मानेत नर्व्ह ब्लॉक परत करायचाय, दुखण्याची नोंद नेमकी कशी ठेवायची?

शिलाई_सांगली
सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत कापडपेठेच्या मागच्या बाजूला ब्लाउज-ड्रेस शिवते, वय ४३. दीड वर्षापूर्वी कोल्हापूर रोडला अंकलीच्या अलीकडं माझ्या स्कूटीला मागनं गाडीनं ठोकलं, पडले नाही पण मान जोरात मागं-पुढं झाली, त्या दिवशी काहीच वाटलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरनं डोकं उचलेना. तेव्हापासून डाव्या बाजूला मानेच्या बुडाशी ठणका आहे, तो खांद्यावर पसरतो, आणि मशीनवर तासभर मान घालून बसले की कानामागनं डोक्यात पण चढतो. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, त्यात वयाप्रमाणं झीज एवढंच लिहिलंय. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, फिजिओ झाली, सासूबाईंनी निर्गुडीचा पाला शेकून बांधला तेही झालं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि परत आहेच.

मग एका ठिकाणी नर्व्ह ब्लॉक केला. मणक्याच्या मागच्या बाजूला जे छोटे सांधे असतात त्याची नस थोडा वेळ बधीर करायची, दुखणं थांबलं तर दुखणं तिथलंच असं समजायचं. इंजेक्शन दिलं आणि म्हणाले घरी जाऊन आराम करा, संध्याकाळी फोनवर सांगा. कागद दिला नाही, काय बघायचं ते पण सांगितलं नाही. मी घरी आले, जेवले आणि झोपले ते पाचला उठले. फोन आला किती टक्के कमी आहे, मला काही सुचेना, मी म्हटलं निम्मं असेल. आता मिरजेच्या पेनच्या, म्हणजे दुखण्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले ह्या निम्म्यावर मी पुढचं काहीच ठरवू शकत नाही, ब्लॉक परत करू आणि ह्या वेळी नोंद नीट ठेवा. पहिल्याचे पैसे गेले ते गेलेच, पण त्या दिवशी आपण झोपून सगळं वाया घालवलं ही गोष्ट मनातनं जात नाही.

गुरुवारी अकराला जायचंय. माझं विचारायचं असं की दुखणं रोज सारखं नसतं, रविवारी दुकान बंद असलं की तीनवर पण असतं आणि लगीनसराईत आठवर, मग आधीचा आकडा कुठला धरायचा? सुई टोचल्याचं दुखणं आणि आपलं मूळ दुखणं वेगळं कसं ओळखायचं? त्या दिवशी मशीनवर बसलं तर चालतं का? आणि आमचे हे म्हणतात की एवढा खर्च झालाय, आता कमी झालं म्हणूनच सांग म्हणजे पुढची ट्रीटमेंट तरी लवकर होईल. मला ते पटत नाही पण भीती वाटते की मी चुकीचं लिहिलं तर परत लटकेल. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.


एसटीवाला_सातारा
सोमवार, रात्री ११:०२

ताई, तुम्ही झोपलात त्यात तुमचा काही दोष नाही, सांगणाऱ्यानं सांगायला पाहिजे होतं. मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, सातारा-स्वारगेट आणि त्याआधी कितीतरी वर्षं मेढा-महाबळेश्वर, केळघर घाटात वळणावळणाला मान फिरवून फिरवून उजवी बाजू गेली. माझे दोन ब्लॉक झाले, मग मशीननं नस गरम करायची ती पण झाली, त्याला आरएफ म्हणतात. तेव्हाची वही अजून कपाटात आहे, आत्ता काढून समोर ठेवून लिहितोय.

पहिली गोष्ट, आधीचा आकडा गुरुवारी सकाळी आठवून धरायचा नाही. आज सोमवार, आजपासनंच सुरू करा. मी आठ दिवस आधीपासनं लिहिलं होतं, दिवसातनं तीनदा, सकाळी चहाच्या वेळी, दुपारी आणि झोपताना. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे ह्याच्या पुढं सहनच होणार नाही. आणि नुसता आकडा नाही, काय करताना तो आकडा होता ते शेजारी लिहायचं. माझ्या वहीत असं आहे बघा:

मंगळवार सकाळ, बसून ४, गच्चीवर अजिंक्यताऱ्याकडं वर बघताना ७
मंगळवार दुपार, पेपर वाचताना ५
मंगळवार रात्र, कुशीवर ६, उताणं ४

आठ दिवसांनी मला स्वतःलाच कळलं की माझं दुखणं बसून चार-पाचच्या मध्ये असतं, पण मान वर केली की हमखास सात. म्हणजे माझी परीक्षा अजिंक्यतारा. ब्लॉकच्या दिवशी सकाळी निघायच्या आधी गच्चीवर गेलो, वर बघितलं, सात. इंजेक्शन झाल्यावर दवाखान्यातच अर्धा तास बसवलं, तिथं खिडकीतनं किल्ला काही दिसत नव्हता म्हणून छताचा पंखा बघत होतो. घरी आल्या आल्या मुलाला घेऊन परत गच्चीवर, वर बघितलं, एक. ताई, ते एक लिहिताना माझा हात थांबला, कारण चार वर्षांत तो किल्ला मी मान वर करून निवांत बघितलाच नव्हता. दर अर्ध्या तासानं जात होतो. पहिल्या वेळी दीड तासानं परत चारवर आलं, दोन तासांनी सातच. दुसऱ्या वेळी तीन आठवड्यांनी केलं तेव्हा पाच तास टिकलं. औषध कुठलं वापरलं ते मला दोन्ही वेळा आधी सांगितलं नव्हतं, नंतर कळलं की पहिलं कमी वेळ चालणारं होतं आणि दुसरं जास्त वेळ चालणारं. वहीतल्या वेळा औषधाशी जुळल्या म्हणूनच डॉक्टर आरएफला हो म्हणाले.

मशीनवर बसायचं का विचारलंत, तर बसायचंच. ज्यानं दुखतं तेच करायचं, नाहीतर कमी झालं का हे कळणार कसं? पडून राहिलं की ब्लॉक न करता पण कमी वाटतं. फक्त गाडी त्या दिवशी तुम्ही चालवायची नाही, कुणाला तरी बरोबर न्या. आणि उगाच जड पिंपं उचलायला जाऊ नका, रोजचं जे आहे तेवढंच.

तुमच्या साहेबांना, म्हणजे यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की खोटा आकडा लिहिला तर जी नस दुखतच नाही ती जाळून येतील, आणि दुखणं आहे तिथंच राहील. तेव्हा खर्च दुप्पट होतो.


मान_पाठ_फिजिओ
मंगळवार, सकाळी ७:४८

मी इस्लामपूरला फिजिओथेरपिस्ट आहे. काकांनी वरती जे लिहिलंय ते मी पेशंटला समजवायला अर्धा तास घालवते, तेच त्यांनी अनुभवातनं लिहिलंय, त्यामुळे परत सांगत नाही. फक्त थोडी भर.

ताई, सुईचं दुखणं आणि मूळ दुखणं वहीत वेगवेगळं ठेवा. पानावर उभ्या रेघा मारा, एका रकान्यात मानेच्या बुडाशी आणि खांद्यावर, दुसऱ्यात कानामागं आणि डोक्यात, तिसऱ्यात सुई टोचली ती जागा. सुईची जागा बोटानं दाबली की दुखते, चिमटा घेतल्यासारखी, वरच्या वर, आणि ती दोन-तीन दिवस राहू शकते. तुमचा जुना ठणका खोल असतो आणि कुठनं कुठं जातो ते तुम्हाला दीड वर्षात पाठ झालंय. दोन्हीची गल्लत झाली की लोक म्हणतात काहीच कमी झालं नाही, आणि विचारल्यावर कळतं की सुईचं दुखतंय, जुनं गायबच आहे. कानामागचं वेगळं लिहा हे मी मुद्दाम सांगतेय, कारण दोन्ही एकाच सांध्यातनं येत असतील असं नाही.

मान किती फिरते ते पण मोजा, त्याला मशीन लागत नाही. हनुवटी छातीकडं न्यायची, मध्ये किती बोटं राहतात ते बघायचं. डावीकडं मान फिरवून खांद्याच्या रेषेत काय दिसतं ते बघायचं, दुकानात बसून बघत असाल तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर, दाराची चौकट, जे असेल ते. सकाळी दाराची चौकट दिसत होती आणि ब्लॉकनंतर पायरी दिसायला लागली असं लिहिलं तरी डॉक्टरला चालतं.

तुमची परीक्षा अजिंक्यतारा नाही, तुमची परीक्षा मशीन आहे. त्यामुळे एकच काम ठरवून ठेवा, आधी आणि नंतर तेच. काज-बटणाला मान वेगळी वाकते आणि पायमशीनवर वेगळी. सकाळी वीस मिनिटं जे शिवाल तेच परत वीस मिनिटं.

सकाळची दुखण्याची गोळी घ्यायची का नाही ते डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, बहुतेक जण ब्लॉकच्या दिवशी ती घेऊ देत नाहीत कारण मग कमी गोळीनं झालं का इंजेक्शननं ते सांगता येत नाही. बीपीची, शुगरची चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही. रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर ती पण स्वतः बंद करू नका, पण आहे हे त्यांना आधी सांगितलंच पाहिजे.

आणि एक, हे नोंदवहीत लिहून थांबायचं नाही, लगेच फोन करायचा: हाताची ताकद जाणं, सुईत दोरा ओवता न येणं किंवा बटण लावताना बोटं न ऐकणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप येऊन मान कडक होणं. ब्लॉकच्या आधी असो वा नंतर.


द्राक्षबाग_तासगाव
मंगळवार, दुपारी २:२०

मी जरा वेगळा अनुभव सांगतो कारण सगळे ब्लॉकनं फरक पडला असंच लिहितात आणि ज्यांना नाही पडला ते गप्प बसतात.

माझ्या वडिलांचा, वय ६८, ब्लॉक झाला. आमची चार एकर द्राक्ष आहे, विरळणीच्या दिवसात मांडवाखाली दिवसभर मान वर आणि हात वर, त्यामुळे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की मानेचंच आहे. मानेपासनं डाव्या दंडापर्यंत दुखायचं. ब्लॉक झाला, डॉक्टरांनी विचारलं काका कसं वाटतंय, अण्णा म्हणाले एकदम छान, कमी झालं. आता अण्णा कसे आहेत तर समोरच्या माणसानं एवढी मेहनत घेतली म्हटल्यावर त्याला नाराज करायचं नाही, त्यांना कुणी जेवण कसं झालंय विचारलं तरी ते छानच म्हणतात.

मी मात्र वही धरून बसलो होतो. आधी आठवडाभर लिहून ठेवलं होतं की मांडवाच्या तारेला हात लावला की सहा. घरी आल्यावर मी म्हटलं अण्णा चला बागेत. डावा हात तारेला लावला, तोंड वाकडं झालं. मी म्हटलं किती, ते म्हणाले कमी आहे रे. मी म्हटलं सकाळचं आणि आत्ताचं, काही फरक? थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, नाही, तेवढंच आहे. सहा. तासाभरानं परत सहा. तीन तासांनी पाच, आणि ते पाच पण मला वाटतं बसून होते म्हणून. मान नुसती वर केली, हात खाली ठेवून, तर आधी पण दुखत नव्हतं आणि नंतर पण नाही. हे आम्ही आधी कधी वेगळं करून बघितलंच नव्हतं.

वही दाखवली, डॉक्टर म्हणाले मग हे मानेच्या सांध्याचं दिसत नाही, खांदा बघूया. खांद्याची सोनोग्राफी केली, तिथं स्नायूच्या दोरीला इजा निघाली. आता त्याचा व्यायाम चालू आहे, फरक पडतोय. अण्णांच्या छानवर गेलो असतो तर मानेतली नस जाळून घेऊन आलो असतो.

तेव्हा ताई, काही कमी नाही झालं तर नाही झालं असंच लिहा. ब्लॉक फेल गेला असं मनाला लावून घेऊ नका, त्यानं एक जागा तरी यादीतनं कमी केली. आणि शक्यतो आकडा दुसऱ्या कुणालातरी लिहायला सांगा, विचारणाऱ्यानं कमी झालं का असं विचारायचं नाही, आत्ता किती एवढंच विचारायचं.


शिलाई_सांगली
मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. वही सुरू केली. काल रात्री ६, आज सकाळी ४, दुपारी मशीनवर ७, कानामागं ४. एक शंका राहिली, गुरुवारी सकाळीच जर दुखणं कमी असलं तर? आणि डोकं पण दुखतं म्हटल्यावर तिथं पण इंजेक्शन देणार का? दोनदा का करायला लावतात ते पण कळलं नाही, एकदा कमी झालं तर झालं की.


भूल_आणि_पेन
बुधवार, सकाळी ६:१०

मी भूलतज्ञ आहे, पेनचं काम करतो. तुमचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं ऐकायचं, मी फक्त हे का करतात ते सांगतो.

मानेच्या प्रत्येक छोट्या सांध्याला दोन बारीक नसा येतात, एक वरच्या मणक्याकडनं आणि एक खालच्या. म्हणून एका सांध्यासाठी सहसा दोन ठिकाणी सुई लागते. एक्स-रेच्या मशीनवर, ज्याला सी-आर्म म्हणतात, बघत बघत सुई हाडापर्यंत न्यायची आणि अगदी थोडं, अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी औषध सोडायचं. जास्त सोडलं तर ते पसरून शेजारचं पण बधीर होतं आणि मग कुठली नस होती हे कळत नाही. ही तपासणी आहे, इलाज नाही, त्यामुळे संध्याकाळी दुखणं परत आलं की घाबरू नका, ते येणारच. एमआरआयमध्ये झीज दिसते पण कुठला सांधा दुखतोय ते दिसत नाही, ज्यांची मान कधीच दुखली नाही अशा चाळिशीच्या माणसाच्या फोटोत पण झीज असते. म्हणून ही सगळी खटपट.

आता दोनदा का. दुखणं आपोआप कमी-जास्त होतं, सुई टोचली म्हणूनही काही काळ बरं वाटतं, डॉक्टरवर विश्वास असला तरी वाटतं. १९९३ साली मानेला झटका बसलेल्या रुग्णांवर हेच तपासलं गेलं, तेव्हा एकाच ब्लॉकवर भरवसा ठेवला तर खोटा होकार येण्याचं प्रमाण २७ टक्के निघालं. म्हणजे चारातला एक जण नाहक पुढच्या ट्रीटमेंटला जाणार. म्हणून दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळी औषधं देतात, लिग्नोकेनचा असर साधारण दीड-दोन तास, बुपिव्हाकेनचा चार-सहा तास किंवा कधी जास्त. सातारच्या काकांची वही ह्याचंच उदाहरण आहे. पण कुणाला ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त टिकतो, तसं झालं तर तसंच लिहा, वेळ जुळवायला जाऊ नका.

नीट निवडलेल्या रुग्णाला पुढचं काम किती उपयोगी पडतं ते पण सांगतो. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी अपघातानंतर मान दुखणारे २४ जण घेतले, निम्म्यांना खरं आरएफ केलं, निम्म्यांना सगळं तसंच पण सुई गरम न करता. गेलेलं दुखणं परत चढून आधीच्या निम्म्यावर यायला, मधल्या पेशंटचा आकडा धरला तर, खऱ्यांना २६३ दिवस लागले आणि बाकीच्यांना ८. ते २४ जण ब्लॉक करून, पारखून घेतले होते हे विसरायचं नाही. नस पुढं परत वाढते, तेव्हा दुखणं परतू शकतं आणि गरज पडली तर परत करता येतं.

तुमच्या शंका. सकाळी दोन-तीनच असेल तर मशीनवर बसून बघा, तरी चढलं नाही तर इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना सांगा, पुढची तारीख घेतलेली बरी. हिशोब सोपा आहे, ७ चं १ झालं तर सहा कमी झाले, ६ भागिले ७, म्हणजे ८६ टक्के. ७ चं ३ झालं तर ५७. ३ चं १ झालं तरी ६७ येतात, पण तुमचं दुखणं रविवारी असंच तीन होतं म्हणता, मग त्या ६७ ला काय अर्थ? बरेच डॉक्टर ८० टक्क्यांच्या वर बघतात, काही ५० वर पण पुढं जातात, तुमचे कुठला धरतात ते विचारून ठेवा. टक्के तुम्ही काढू नका, आकडे द्या.

डोक्याचं वेगळं आहे. मानेच्या बुडाशी आणि खांद्यावर दुखणं बऱ्याचदा पाचव्या-सहाव्या मणक्यामधल्या सांध्याचं असतं, आणि कानामागचं, डोक्याच्या मागचं दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्याचं. त्या वरच्या सांध्याची नस वेगळी आहे, ती बधीर केली की थोडा वेळ जमीन हलल्यासारखं, पाऊल चुकल्यासारखं वाटतं, त्यामुळे तेव्हा हात धरायला माणूस हवाच. दोन्ही एकाच दिवशी करायचं का ते त्यांनी ठरवू दे. आणि झोप येणारं औषध देणार आहेत का ते विचारा, तपासणीच्या ब्लॉकला ते शक्यतो टाळतात, नाहीतर तुमची पहिल्या वेळची दुपार परत होईल.


शिलाई_सांगली
शनिवार, रात्री १०:४०

झालं गुरुवारी. सगळं लिहिते कारण कुणाला तरी उपयोग होईल.

डॉक्टर म्हणाले आधी खालचा सांधाच करू, पाचवा-सहावा, डोक्याचं नंतर. गोळी घेतली नव्हती. आठ वाजता अस्तराचा ब्लाउज घेऊन बसले, वीस मिनिटं, पाठीची शिलाई आणि मुंढे. बसायच्या आधी ५, उठताना ७, कानामागं ४. डावीकडं मान फिरवली तर दुकानाच्या दाराची कडी दिसत होती, तेवढंच. मुलीला वही दिली, ती अकरावीला आहे, तिला सांगितलं फक्त आत्ता किती एवढं विचारायचं. आमचे हे गाडी चालवत होते.

सुया अकरा वाजून दहा मिनिटांनी. झोपेचं काही दिलं नाही, पालथं झोपवलं होतं, थोडं चरचरलं आणि खोल दाबल्यासारखं झालं. तिच्या अक्षरात वहीत असं आहे:

११:३० खांदा २, कानामागं ४, सुई ३
१२:०० खांदा १, कानामागं ४, सुई ३
१:०० घरी, मशीनवर २० मिनिटं, तोच दुसरा ब्लाउज, खांदा १, कानामागं ४
२:०० खांदा १, कानामागं ५
३:०० खांदा २
४:०० खांदा ४
५:०० मशीनवर परत, खांदा ६, कानामागं ५
शुक्रवार सकाळ खांदा ५, सुई २

एक वाजता मशीनवर मी वीस मिनिटांच्या वर बसले, मुलीनंच थांबवलं. डावीकडं बघितलं तर कडी सोडून बाहेरची पायरी आणि पायरीवर बसलेला शेजारचा कुत्रा दिसला. खांद्यावरनं कुणी हात काढून घेतल्यासारखं हलकं होतं. दीड वर्षात मी विसरलेच होते की मान अशी असते.

हे कानामागचं चार-पाच बघून आमचे हे म्हणत होते की ते कशाला लिहिलं, त्यानं डॉक्टरांना वाटेल काही झालंच नाही. काल वही दाखवली तर डॉक्टरांनी पहिलं बोट तिथंच ठेवलं. म्हणाले खांद्याचं इथनं येतंय असं दिसतंय, पण डोक्याचं ह्या सांध्याचं नाही, ते वरचं वेगळं तपासावं लागेल, तुम्ही एकच आकडा दिला असता तर सातचं चार झालं असं वाटलं असतं आणि मला काहीच कळलं नसतं. हे बाजूलाच उभे होते, त्यांनी ऐकलं, घरी येताना वही त्यांनीच खिशात ठेवली.

आता खालच्याच सांध्याचा दुसरा ब्लॉक तीन आठवड्यांनी, औषध वेगळं असणार पण कुठलं ते सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. मधल्या दिवसात पण रोज तीनदा लिहायचं का, का फक्त आधीचा आठवडा?


एसटीवाला_सातारा
रविवार, सकाळी ६:५५

ताई लई बरं वाटलं वाचून. मधले चार-पाच दिवस सोडा, सुईचं दुखणं जाऊ दे पूर्ण. मग आठवडाभर आधीपासनं परत सुरू करा. वेळ तीच ठेवा, काम तेच ठेवा, कापड पण तेच जमलं तर बघा.


शिलाई_सांगली
रविवार, सकाळी ९:१२

हो काका. अस्तराचेच दोन ब्लाउज आजच कापून पिशवीत बाजूला ठेवलेत, गिऱ्हाइकाला सांगितलंय महिनाभर थांबा म्हणून.